साहेबाचं साल, चार माणसांसमोर

देवराव पार्सलबाबूंचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. जऊळका स्टेशनावर ज्यांनी उभा जन्म पार्सलं चढवण्या-उतरवण्यात काढला, ज्यांनी गोणपाटावरच्या चिठ्ठ्या दाखवून मला इंग्रजी अक्षरं लावायला शिकवली, आणि माझी नोकरी गेली त्या दिवशी ज्यांनी मला स्वतःच्या हातानं गाडीत बसवून दिलं, ते देवराव. ते नसते तर आज पुण्याच्या या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवत नसतो. ज्या रविवारच्या पुरवणीची पानं मी दर आठवड्याला बांधतो, तीत चार ओळी स्वतःच्या लिहाव्यात असं धाडसही झालं नसतं. संपादकांनी ‘‘लिहा हो, आम्ही नीट करून घेऊ’’ म्हणून धीर दिला, त्यांचेही उपकारच. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तर महिन्यापूर्वी देवरावांचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर त्यांचं नव्हतं. फोडलं तर आत मजकूर त्यांचा, हात दुसऱ्या कुणाचा. ‘‘कासाबाई गेली. तीन दिवस ताप होता. शेवटपर्यंत शुद्धीत होती. कंपनीची सभा कधी हाय, एवढंच इचारत होती. म्या सांगतलं, अजून दोन महिने हायेत. तर म्हने, मंग यंदा काई माहं जमत नाही, दुसऱ्या कोनाले पाठवा...’’ पत्र तिथंच टेबलावर ठेवलं आणि हातातलं काम पुरं केलं. दुपारचं पान जायचं होतं. रात्री घरी आल्यावर मात्र पेटी उघडली आणि तळाशी घडी घालून ठेवलेलं एक फडकं काढून कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसलो.

कासाबाई माझी कुणी लागत नव्हती. माझं गाव कोकणात, राजापूरच्या बाजूला. वडील गेले, शाळा सुटली, मागे आई आणि दोन धाकट्या बहिणी. अक्षर तेवढं चांगलं होतं. त्या अक्षराच्या जोरावर कुणाच्या ओळखीनं कुणाकडे असं करत करत, ज्वारीशिवाय दुसरं काही न पिकणाऱ्या (असं तेव्हा मला वाटे!) त्या वऱ्हाडात जाऊन पडलो. जऊळक्याला एका मोठ्या कापूस कंपनीचा प्रेस होता. सरकी काढलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या आणि रेल्वेनं मुंबईला धाडायच्या. असे प्रेस कंपनीनं पुढं किती स्टेशनांवर काढले, वर कापडाची गिरणीही घेतली. पण पहिला प्रेस इथला, म्हणून नोंदणी इथली आणि भागधारकांची वार्षिक सभाही इथंच. मी त्या ऑफिसात नकला करणारा कारकून. समोर ठेवतील तो कागद वळणदार अक्षरात उतरवून काढायचा. पहिल्या तारखेला आईला मनिऑर्डर करायची आणि दुसऱ्या तारखेपासून पुढच्या पहिल्या तारखेची काळजी करायची, असं माझं आयुष्य.

कंपनी निघाली तेव्हा तिची माणसं गावोगाव फिरली होती. कापसाच्या किमतीतला थोडा भाग रोख न देता शेअरचा कागद द्यायचे. कासाबाईच्या नवऱ्यानं असे पाच शेअर घेतले आणि पुढं मानमोडी तापाच्या साथीत तो गेला. शिरपूरच्या वाटेवर तिचं खेडं. तिथलं वावर, एक बैलजोडी, एक लेक आणि ते पाच कागद तिच्या नावावर आले. वावर ती स्वतः बघायची. कागद बांबूच्या नळीत घालून धान्याच्या कणगीत खुपसून ठेवायची. बाकीचे शेतकरी ते कागद विसरूनही गेले होते. ही विसरली नाही.

मी पहिल्यांदा पाहिली ती ऑफिसच्या दारात. उंच, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हातात कंपनीचा छापील अहवाल. माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, ‘‘हे काय लिवलं हाय, वाच.’’

मी म्हटलं, ‘‘बाई, हे इंग्रजीत आहे. मला इंग्रजी येत नाही.’’

‘‘मंग तू इथं काय करतं?’’

‘‘नक्कल करतो.’’

‘‘समजल्याबिगर?’’

‘‘हो.’’

ती मोठ्यानं हसली. आतले दोन कारकून मान वर करून बघायला लागले. ‘‘म्हंजे तू न मी सारखेच. फरक एवढाच का तुले त्याचे पैसे भेटते.’’ आणि जाता जाता, ‘‘येतो मी, मास्तर!’’ तिकडच्या बायका ‘येतो, जातो’ असंच बोलतात, ते मला तेव्हा नवीन होतं. ‘मास्तर’ हे मात्र सरळ सरळ टोचून म्हटलेलं होतं, आणि ते मला चांगलंच टोचलं. त्याच आठवड्यात मी स्टेशनावर जाऊन देवरावांना गाठलं. पार्सलांवरच्या चिठ्ठ्या ते रोज वाचत. म्हटलं, मला शिकवाल का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एका गोणीवर बोट ठेवलं. ‘‘हे पाय. हे ए. अकोल्याचं.’’ तिथून माझं इंग्रजी सुरू झालं. पुस्तक नाही, पाटी नाही. अकोला, खांडवा, हिंगोली, मुंबई. साबण, खिळे, काच, बर्फ.

त्या वर्षी मी पहिल्यांदा कंपनीची सभा पाहिली. सभा म्हणजे काय, तर पंगत! आधी जेवण, मग कामकाज. रुईच्या वखारीत पत्रावळी मांडलेल्या, वरण-भात, वांग्याची भाजी, भजी आणि बुंदीचे लाडू. कंपनीचा सगळा कारभार ज्यांच्या हाती होता ते मॅनेजिंग एजंटसाहेब स्वतः लाडवांचं ताट घेऊन पंगतीतून फिरत. ‘‘घ्या पाटील, घ्या, एकानं काय होतं?’’ कुणाला नाही म्हणू देत नसत. जेवणं झाली की मंडळी तिथंच गाठींना टेकून बसत. सुपारी फुटे, डोळे जड होत. मग साहेब उभे राहून म्हणत, अहवाल वाचला असं समजण्यात यावं. आणि लाडवाचे हात वर होत. पाव तासात सभा संपे. डिव्हिडंड वाढला काय, घटला काय, कुणी विचारत नसे. ज्याच्या पंगतीला बसलो त्याला त्याच बैठकीत आडवं बोलायचं, ही गोष्ट त्या माणसांच्या हातून होण्यातली नव्हती. साहेबांना ते नेमकं ठाऊक होतं.

कासाबाई पंगतीला बसली नाही. वखारीबाहेरच्या निंबाखाली बसून तिनं फडक्यातली भाकर सोडली, ठेचा काढला, कांदा मुठीनं फोडला आणि सावकाश जेवली. मी चोरून जाऊन विचारलं, ‘‘माय, आत का नाही बसलात?’’

‘‘लाडू खाल्ल्यावर मले बोलता येनार नाही रे. लाज वाटते मानसाले.’’ मग जरा थांबून, ‘‘लाडू मले बी आवडते, असं नोको समजू.’’

आणि ती बोलली. हात वर करायची वेळ आली तेव्हा उभी राहून म्हणाली, ‘‘साहेबाचं साल काय ठरलं हाय, ते सांगा.’’ आधी कुणाला कळलंच नाही. मग वखारभर हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. ‘‘बाई, सगळं अहवालात आहे.’’ ती म्हणाली, ‘‘मले वाचता येत नाही. तोंडानं बोला.’’ साहेब म्हणाले, वेळ फार होईल. सभा संपली.

ती काय मागत होती, हे मला पुढच्या पाडव्याला तिच्या घरी उमगलं. वऱ्हाडात शेतावर वर्षाच्या बोलीनं जो गडी ठेवतात त्याला सालदार म्हणतात, आणि पाडव्याला त्याचं ‘साल’ ठरतं. तिनं मला पुरणपोळीला बोलावलं होतं. अंगणात तिचा सालदार गणपत बसलेला, आणि शेजारची चार कर्ती माणसं साक्षीला. कासाबाई एकेक बोलत होती. रोख इतकी. जवारी इतकी. एक घोंगडं. वहाणांचा जोड एक. दिवाळीले धोतर. आणि प्रत्येक कलमाला ती चार माणसं एका सुरात म्हणत, ‘‘आयकलं.’’ मधेच गणपत म्हणाला, ‘‘पोळ्याले फेटा बी देत जा न, बाई.’’ ती म्हणाली, ‘‘फेटा एक.’’ माणसं म्हणाली, ‘‘आयकलं.’’ झालं. कागद नाही, सही नाही. पण त्या अंगणात जे बोललं गेलं ते वर्षभर ना तिला मोडता येणार होतं, ना गणपतला.

पोळी वाढताना मला म्हणाली, ‘‘तुह्या साहेबाले कामावर कोनं ठेवलं?’’

‘‘कंपनीनं.’’

‘‘कंपनी म्हंजे कोन? आमीच ना? पैसा आमचा, कापूस आमचा, नफा झाला त आमचा, तोटा झाला त आमचा. मंग साहेब आमचा सालदार झाला का नाही? मोठा सालदार. मोटारवाला. असू दे. पन साल त चार मानसांसमोर बोला! गनपतचं घोंगडं मी लपवून देतो का?’’

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तिचं म्हणणं खरं होतं याची भीती. कारण तोवर मला नकला करताना थोडं थोडं समजायला लागलं होतं. अहवालात साहेबांच्या नावापुढं एक साधीशी रक्कम असे, तीही लहान टायपात. बाकीचं पसरलेलं असे. बंगल्याचं भाडं ‘इमारत देखभाल’मध्ये. माळी, आचारी, पंखा ओढणारी माणसं ‘मजुरी’मध्ये. उन्हाळ्यात साहेब कुटुंबकबिल्यासह चिखलदऱ्याला जात, तो मुक्काम ‘कापूस पाहणी’मध्ये, चिखलदऱ्याला कापूस कुठला आला! आणि बर्फ. आठवड्यातून तीनदा अकोल्याहून भुश्यात बांधून बर्फ यायचा. रेल्वेच्या पावतीवर बर्फच लिहिलेलं असे. आमच्या वहीत त्याची नोंद होई ‘यंत्राचे सुटे भाग’ म्हणून. मी हे देवरावांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

पण साहेब वाईट नव्हते, हेही मी लिहिलं पाहिजे. एका पावसाळ्यात मला हिवताप झाला. खोलीत एकटाच पडलो होतो. साहेबांनी गडी पाठवला, सोबत क्विनाइन आणि डोक्यावर ठेवायला बर्फ. मी वाचलो तो त्यामुळे, असं मला मनापासून वाटायचं. पुढं एकदा कासाबाईनं साहेबांचा विषय काढला तेव्हा मी म्हटलं, ‘‘माय, तुम्ही काही म्हणा, त्या माणसानं माझ्या कपाळावर बर्फ ठेवला आहे.’’

ती म्हणाली, ‘‘तो बरफ कोनाच्या पैशाचा होता?’’

उत्तरही तिनंच दिलं.

‘‘आमच्या. मंग उपकार मानायचे त आमचे मान. न मी त तुले कदी बोलून दाखवलं नाही!’’

दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा हशा, पण पहिल्यापेक्षा कमी. तिसऱ्या वर्षी साहेबांनी एक चूक केली. बाई पंगतीला बसत नाही ती सोवळ्याओवळ्यामुळे, असा त्यांनी समज करून घेतला. दुसऱ्याच्या हातचं न खाणाऱ्याला कोरडा शिधा द्यायची रीत आहेच. तेव्हा सभेच्या दिवशी निंबाखाली तिच्यासमोर गड्यानं पितळी परात आणून ठेवली. कणीक, तुरीची डाळ, गूळ, तुपाची वाटी. मी खिडकीतून बघत होतो. तिनं परातीकडे पाहिलं, आपली भाकर संपवली, हात धुतले आणि परात उचलून डोक्यावर घेतली. मला वाटलं, चालली घरी. ती वखारीत शिरली.

ते वर्ष वाईट होतं. कापसाचा भाव कोसळला होता. डिव्हिडंड शून्य. कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, राबणाऱ्या बायांची रोजी कापली होती. आणि एक गोष्ट मी स्वतःच्या हातानं उतरवली होती, म्हणून मला ठाऊक होती. साहेबांचं कमिशन नफ्यावर नव्हतंच, गाठींच्या संख्येवर होतं. भाव पडल्यामुळे लोकांनी घरातला होता नव्हता तो कापूस काढून विकला. गाठी जास्त बांधल्या गेल्या. ज्या वर्षी सगळे बुडाले त्या वर्षी साहेबांचं कमिशन वाढलं होतं.

हिरवा कपडा टाकलेल्या टेबलामागे साहेब आणि दोन संचालक. मी बाजूला वह्या घेऊन उभा. कासाबाई सरळ पुढं आली आणि परात त्या टेबलावर, अहवालांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

‘‘साहेब, हा शिधा कोनाकडून आला?’’

‘‘कंपनीकडून, बाई. आपलं सोवळं असेल म्हणून...’’

‘‘सोवळं? माह्या घरी मांजर चुलीजवळ झोपते.’’ मागे हशा झाला. ‘‘कंपनीकडून म्हंजे तुमच्या पगारातून का आमच्या वाट्यातून?’’

‘‘हा सत्काराचा खर्च आहे.’’

‘‘म्हंजे आमचाच. माहंच पीठ मलेच देऊन राह्यले, न वरून मी हात जोडू?’’ आता हशा झाला नाही. ‘‘औंदा नफा नाही म्हनता. जिनातल्या बायांची रोजी कापली. बरं. साहेबाचं साल कापलं का? सांगा. रोख किती, घोंगडं किती, जोडे किती. अवघे बसून हायेत.’’

साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘अहवाल वाचला असं समजून...’’

तेव्हा ती माझ्याकडे वळली. ‘‘मास्तर, हे तूच लिवतं ना? मंग तू बोल.’’

सगळी वखार माझ्याकडे बघायला लागली. खर्चाच्या नोंदींची वही माझ्याच हातात होती. आई डोळ्यांसमोर आली, पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यात बसलेली. कोकणात आमच्या घरी त्या मनिऑर्डरीशिवाय दुसरी काही आवक नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, ओळखीनं. जणू म्हणत होते, तू आपला माणूस. मी मान खाली घातली. कबूल करतो, मी मान खाली घातली... आणि तशीच राहिली असती.

इतक्यात मागच्या दारातून देवराव आले. दुपारची गाडी नुकतीच येऊन गेली होती. अंगात रेल्वेचा कोट, हातात पावतीपुस्तक, मागे हमालाच्या पाठीवर ठिबकणारी गोणी. वखारीभर पाण्याची रेघ ओढत ते टेबलापाशी आले आणि अगदी कामाच्या सुरात म्हणाले, ‘‘साहेब, यंत्राचे सुटे भाग आले. सही द्या लवकर... वितळून राह्यले.’’

कुणीतरी खदखदलं आणि वखार फुटली. म्हातारे पाटील गुडघ्यावर थापा मारत होते. एक संचालकसुद्धा तोंडाला रुमाल लावून बसला. देवराव मात्र गंभीर चेहऱ्यानं पेन पुढं करून उभे. आणि त्या हशात माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. मी वही उघडली.

‘‘दरमहा पगार,’’ मी वाचलं आणि आकडा सांगितला. ‘‘त्याशिवाय ऑफिस भत्ता. त्याशिवाय दर गाठीमागे कमिशन, नफा होवो न होवो.’’

पुढच्या रांगेतून एक थकलेला आवाज आला. ‘‘आयकलं.’’

मी वर पाहिलं. पेंगुळलेल्या डोळ्यांचा कुणी म्हातारा होता. कदाचित सवयीनं बोलून गेला असेल. मी पुढं वाचलं. ‘‘बंगला, बिनभाड्याचा. माळी दोन. आचारी एक. पंखा ओढणारे दोन.’’

‘‘आयकलं,’’ चारपाच जण म्हणाले.

‘‘मोटार. तिचा ड्रायव्हर. तिचं तेल. उन्हाळ्यात चिखलदऱ्याचा मुक्काम, कुटुंबासह.’’

‘‘आयकलं!’’

‘‘चिरंजिवांच्या शाळेची फी. दारातले घोडे, त्यांचा चारा.’’

‘‘आयकलं!’’ आता सगळी वखार बोलत होती. ज्यांच्या पोटात लाडू होते तेही.

‘‘आणि बर्फ,’’ मी म्हटलं आणि वही मिटली.

अहवाल मंजूर करायच्या मतदानात आम्ही हरलो. मुंबईच्या बड्या भागधारकांची मुखत्यारपत्रं साहेबांच्या खिशात होती; जऊळक्याचे सगळे हात एकत्र केले तरी त्यांना पुरे पडले नसते. पण परात तिथंच राहिली. ती कुणी उचलली नाही.

सूर्य मावळायच्या आत मला काढून टाकलं. मी हादरलेलाच होतो. काय केलं हे, आईला काय लिहू, कुठं जाऊ... देवराव म्हणाले, ‘‘माहा एक दोस्त पुन्यात छापखान्यात जुळारी हाय. अक्षरं लावता येते ना तुले आता? मंग झालं. खिळे उलटे रायते, एवढाच फरक.’’ त्यांनी चिठ्ठी लिहिली, तिकीट काढलं. फलाटावर कासाबाई आली. तिची बैलांची बंडी बाहेर उभी होती. तिनं माझे आभार मानले नाहीत, शाबासकीही दिली नाही. फडक्यात बांधलेल्या चार भाकरी माझ्या मांडीवर ठेवल्या. निळ्या चौकड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं ते फडकं. म्हणाली, ‘‘रस्त्यात कोनाचं काई खाऊ नोको. न फडकं परत आन बरं, लय जुनं हाय माहं.’’

मी परत नेलं नाही. आधी पैसे नव्हते, मग सुट्टी नव्हती, मग लढाई लागली. आणि यातलं काहीच नव्हतं तेव्हा धीर नव्हता. पुढचं सगळं मला देवरावांच्या पत्रांतून कळलं. दुसऱ्या वर्षी निंबाखाली अकरा माणसं भाकरी सोडून बसली होती. त्याच्या पुढच्या वर्षी निंबाची सावली पुरेना. पंगतीत पत्रावळी मांडलेल्या आणि समोर माणूस नाही! अखेर कंपनीनं रीत बदलली. आधी सभा, मग जेवण. आणि सभेत साहेबांचं साल, सगळ्या सोयीसवलतींसकट, मराठीत मोठ्यानं वाचायचं. वाचणारा कारकून दर कलमाला थांबे, वखार ‘‘आयकलं’’ म्हणे, मगच पुढं जाई. त्या वर्षीच्या पत्रात देवरावांनी लिहिलं होतं, ‘‘कासाबाई सभेनंतर पंगतीत बसली. पाच लाडू खाल्ले. सहावा पदरात बांधला.’’

सगळं सुधारलं असं कुणी समजू नये. गाठीमागचं कमिशन अजून तसंच आहे. कासाबाई ते शेवटपर्यंत विसरली नव्हती. दरवर्षी उठायची. ‘‘गनपतले मी पीक पाहून जवारी वाढवून देतो. साहेबाले तोट्यात बी वाढवून? हे कोन्या गावचं साल?’’ उत्तर मिळायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा उठायची. मोठमोठ्या कंपन्या आता शहराशहरात निघताहेत, हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या पेटीत त्यांचे कागद असतील. त्यांना माझ्यासारख्या अडाण्यानं काय सांगायचं? एवढंच विचारतो, तुमच्या साहेबाचं साल तुम्ही कधी कानांनी ऐकलं आहे का?

देवरावांच्या पत्रासोबत एक दुसरा कागद होता. पाच शेअरांपैकी चार तिनं लेकीच्या नावे केले. पाचवा माझ्या. अर्जावर तिचा अंगठा, आणि साक्षीला देवरावांची सही, वेडीवाकडी, ओळ सोडून खाली घसरलेली. खाली लिहिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली आहे, की बाबूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, आता दिवसाउजेडी माणूससुद्धा ओळखू येत नाही, तरी रोज फलाटावरच्या बाकावर जाऊन बसतात. भागधारकांच्या यादीत माझं नाव चढवायला कंपनी खळखळ करील. नाकारण्याचा हक्क संचालकांना असतो म्हणे. करोत. अर्ज मी पाठवला आहे. परत आला तर पुन्हा पाठवीन. आणि नाव चढो न चढो, यंदाच्या सभेला मी निंबाखाली असेन. मला अजून भीती वाटते. हे लिहितानाही वाटते आहे. छापखान्यात सुट्टी मागतानाही वाटली होती. पण फडकं धुऊन ठेवलं आहे. बायको विचारत होती, वाटेत काय देऊ? म्हटलं, चार भाकरी, आणि याच फडक्यात बांध. हे परत द्यायचं आहे, आता तिच्या लेकीच्या हाती.

आणि देवराव, तुम्हांला हा मजकूर कुणीतरी वाचून दाखवील, म्हणून इथंच सांगतो. गोणीवरचा पहिला ए तुम्ही बोट ठेवून दाखवलात, त्याची परतफेड मनिऑर्डरीनं व्हायची नाही. सभेतून मी सरळ स्टेशनावर येईन, तुमच्या बाकावर बसेन. यंदाचा अहवाल पहिल्या पानापासून, लहान टायपातलं सगळं, तुम्हांला मोठ्यानं वाचून दाखवीन. आणि एक दिवस, छापखान्यातून कायमचा मोकळा झालो की, जऊळक्याला येऊन राहीन आणि रोज वाचीन. तुमचे डोळे मी होईन. तुम्ही फक्त दर ओळीला म्हणायचं... आयकलं.